धरित्रीचा वग

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर हे गाव लागते. बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या मुलुखाचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग मानतात. अमडापूर हे घाटावरचे. जवळच्या टेकडीवर बल्लाळदेवीचे जुने देऊळ आहे, भोवती शेते आहेत. एके काळी ह्या भागात कापूस आणि ज्वारी ह्यांचे राज्य होते. अलीकडच्या काही दशकांत सोयाबीनने तेथे आपले बस्तान बसविले आहे. अशा गावी एखाद्या उत्सवाच्या रात्री, देवीच्या टेकडीखाली, एक विनोदी संगीत खेळ करावयाचा आहे अशी श्रोत्यांनी क्षणभर कल्पना करावी. खेळाचा विषय मनुष्य आणि पृथ्वी ह्यांचा संबंध. गाणी भरपूर हवीत, लोक पोट धरून हसावयास हवेत, आणि समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांचे पोट त्याच पृथ्वीच्या एका लहानशा तुकड्यावर अवलंबून आहे, हेही विसरता कामा नये. असा खेळ करता येईल काय, आणि करावयाचा झाल्यास त्यात हसावयाचे कोणाला?

ह्या विषयावरची जी नाटुकली आपल्याकडे होतात, ती बहुधा शाळांच्या स्नेहसंमेलनांत. हिरवे लुगडे नेसलेली एक मुलगी पृथ्वी होऊन मध्यभागी रडत बसते, काळे कपडे घातलेला एक मुलगा पुठ्ठ्याची कुऱ्हाड घेऊन येतो, झाडे झालेली मुले आडवी पडतात, आणि शेवटी सर्वजण शपथ घेतात. प्रेक्षकांत बसलेले आईबाप कौतुकाने टाळ्या वाजवितात. हसू येते ते एखाद्या झाडाला शिंक आली तरच. हेतू चांगला असतो ह्यात शंका नाही. पण त्यात एक मूळचीच चूक आहे, आणि ती केवळ नाट्यकलेची नव्हे. पृथ्वी दीन आणि मनुष्य बलाढ्य, असे ही नाटुकली गृहीत धरून चालतात. वस्तुस्थिती उलट आहे.

ती पाहावयास दूर जावे लागत नाही. अमडापूर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात लोणार आहे. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक अशनी तेथे आदळला आणि दख्खनच्या कठीण काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. एवढा टोला बसल्यावर पृथ्वीने आक्रोश केला नाही. तिने त्या खड्ड्यात पाणी साठविले, उतारावर झाडी वाढविली, आणि पुढे मनुष्याने तेथे येऊन देवळे बांधली. २०२० च्या जून महिन्यात त्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा देशभर आश्चर्य व्यक्त झाले. शास्त्रज्ञांनी नमुने तपासले, तो खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग निघाला. आकाशातून झालेल्या आघाताचा जिने रंगमहाल केला, तिला वाचविण्याची प्रतिज्ञा साडेपाच फुटांचा मनुष्य करतो, ह्यातच प्रहसनाचे अर्धे काम होऊन जाते. धोका आहे तो मनुष्याला, त्याच्या विहिरीला, त्याच्या दोन एकरांना. पण स्वतःच्या रक्षणाची धडपड तो पृथ्वीवर उपकार म्हणून नोंदवितो. दावा आणि दावा करणाऱ्याची उंची ह्यांतील हे अंतर म्हणजेच विनोदाची जागा होय.

ही जागा ओळखणारा नाटककार ह्याच मुलुखात वावरून गेला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली नागपुरास जन्मले, त्यांच्या बाळपणाचा काळ बुलढाण्यास गेला, आणि पुढे खामगाव व जळगाव जामोद येथे त्यांनी वकिली केली. १८९६ साली त्यांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आले, तेव्हा किर्लोस्करी वळणाच्या पदांना सरावलेल्या मराठी प्रेक्षकांनी पारशी रंगभूमीच्या चटकदार चाली प्रथमच मराठी नाटकात ऐकल्या. १९०१ च्या ‘मूकनायका’त त्यांनी मद्यपानासारखा गंभीर विषय हसतखेळत हाताळला. मराठी विनोदाचे जनकत्व ज्यांच्याकडे दिले जाते ते हे गृहस्थ ज्योतिर्गणिताचेही व्यासंगी होते. ग्रहगोलांचे गणित आणि संगीत प्रहसन ही दोन्ही एकाच मस्तकात नांदत होती. असे असून त्यांनी पृथ्वी ह्या ग्रहावर नाटक लिहिले नाही, ही थोडी रुखरुख वाटण्याजोगी गोष्ट आहे.

परंतु ‘सुदाम्याचे पोहे’ ह्या लेखमालेत त्यांनी एक युक्ती ठेवून दिली आहे, ती येथे उपयोगी पडते. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट समाजातील खुळ्या समजुती आपल्या अंगावर घेऊन वावरते. सुदामा गोष्ट सांगतो खरा, पण तो बाहेर उभा राहून इतरांना हसत नाही. खुळेपणात तोही बरोबरीचा भागीदार असतो. वाचक त्याला हसतो आणि हसता हसता आपल्याच घरातील एखादी रीत त्याला आठवते. मनुष्य आणि पृथ्वी ह्यांच्यावरचा विनोद टिकावयाचा असेल, तर तो सुदाम्याच्या जातीचा हवा. व्यासपीठावर उभा राहून समोरच्यांना शहाणपण शिकविणारा विनोद अमडापुरात पहिल्या गाण्यानंतर घरी पाठविला जाईल.

शेतकरी, देव आणि गाणी ह्यांची अशी सांगड जगात फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व ४२१ मध्ये अथेन्स नगरीत ॲरिस्टोफेनीसचे ‘शांति’ हे प्रहसन झाले. दीर्घ युद्धाने द्राक्षांचे मळे उजाड झालेले. ट्रिगायस नावाचा एक मळेकरी देवांना जाब विचारण्यासाठी स्वर्गात जावयास निघतो. शोकांतिकेतील वीर पंख असलेल्या घोड्यावर बसून उडतो, तर हा शेणकिड्यावर बसून उडतो, आणि वाटेत खाली असलेल्या लोकांना विनवितो की कृपा करून आता कोणी शौचास बसू नका, नाहीतर माझे वाहन खाली झेप घेईल. वर गेल्यावर कळते की देव कंटाळून निघून गेले आहेत आणि शांतिदेवीला एका खोल गुहेत गाडून टाकले आहे. शेवटी शेतकऱ्यांचा वृंद दोर लावून, गात गात, तिला बाहेर ओढून काढतो. चोवीस शतके लोटली तरी ह्या कल्पनेचा ताजेपणा गेलेला नाही, कारण त्यातला शेणकिडा खरा आहे. जमिनीशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्याचे वाहन तेच असावयाचे.

आपल्याकडे मात्र ह्याहून सरस कथा तयार पडलेली आहे, आणि ती खुद्द पृथ्वीच्या नावाची आहे. भागवताच्या चौथ्या स्कंधात पृथु राजाचे आख्यान येते. वेन नावाच्या दुष्ट राजाला ऋषींनी मारले, त्याच्या बाहूंचे मंथन केले, तेव्हा त्यातून पृथु निघाला. त्याला राज्याभिषेक झाला खरा, पण प्रजा उपाशी होती. धरित्रीने सर्व धान्ये आणि औषधी आपल्या पोटात गिळून टाकल्या होत्या. राजाला संताप आला. त्याने धनुष्याला बाण लावला. धरित्री गाईचे रूप घेऊन पळत सुटली आणि राजा तिच्या मागे धावला. जिकडे ती जाई तिकडे हा धनुष्य घेऊन पुढे उभा. शेवटी ती थांबली आणि तिने दोन गोष्टी विचारल्या. मला मारलेस तर तुझ्या प्रजेला उभी कशावर करशील? आणि धान्य मी गिळले ते का, ह्याचा विचार केलास काय? चोर आणि आळशी खात होते, राखणारा कोणी नव्हता, म्हणून मी ते पोटात ठेवले.

हा प्रवेश वगाच्या रचनेत किती सहज बसतो पाहावे. गण झाला, गवळण झाली, मावशीने मथुरेच्या वाटेवर कृष्णाशी दुधाचा सौदा केला, बतावणी झाली, आणि वगाला आरंभ होतो तोच गाईने. धापा टाकणारा राजा, पुढे शांतपणे रवंथ करणारी गाय, आणि दोघांच्या मध्ये राजाचा बाण सांभाळणारा सोंगाड्या. सोंगाड्या बाण लावून देतो आणि प्रत्येक वेळी विचारतो की महाराज, गाय पडली तर आपण उभे राहावयाचे कोठे? राजाला हा प्रश्न कळत नाही. प्रेक्षकांना पहिल्याच खेपेस कळतो. तमाशातील विनोदाची सारी किल्ली राजाला उशिरा कळण्यात आहे, आणि पृथूची कथा ह्या किल्लीने उघडण्यासाठीच रचल्यासारखी वाटते.

पण कथेचा खरा रंग पुढे आहे. गाय म्हणते, दूध काढावयाचे असेल तर काढ. मात्र योग्य वासरू आण, योग्य भांडे आण आणि दोहणारा आण. आणखी एक अट ती घालते, तिच्याकडे कीर्तनकारांचे लक्ष क्वचितच जाते. मला समतल कर, म्हणजे पावसाळा संपल्यावरही पावसाचे पाणी माझ्या अंगावर टिकून राहील. पुराणातील गाय पाणलोट क्षेत्राची मागणी करते. १८८३ साली जोतीराव फुले ह्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात रिकाम्या बसलेल्या पलटणी आणि पोलीस ह्यांच्याकडून ताली-बंधारे अशा रीतीने बांधवून घ्यावेत, की पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्यानाल्यांस मिळावे, अशी सूचना सरकारला केली. भागवताची गाय आणि फुल्यांचा असूड ह्यांचे दुसऱ्या कोणत्याही बाबतीत जमणे कठीण. पाण्याच्या बाबतीत मात्र दोघांचे एकमत आहे.

त्यानंतर पृथूने मनूला वासरू केले आणि आपल्याच ओंजळीत धान्यांचे दोहन केले. एवढे होताच सर्वांची रांग लागली. देवांनी इंद्राला वासरू करून सोन्याच्या पात्रात सोम काढला. दैत्यांनी प्रल्हादाला वासरू करून लोखंडाच्या पात्रात मद्य काढले. गंधर्वांनी कमळाच्या पात्रात गायनाचे माधुर्य काढले. सर्पांनी तक्षकाला पुढे करून विष काढले, भूतपिशाचांनी कवटीत रक्त काढले, पर्वतांनी हिमालयाला वासरू करून धातू काढले. गाय एकच, ज्याने जसे भांडे आणले तसे त्याला मिळाले. भागवतकारांनी ही यादी गंभीरपणे दिली आहे. परंतु ती रंगमंचावर उभी करून पाहिली, तर हातात आपापली भांडी घेऊन, पुढच्याला कोपराने ढकलीत उभी असलेली ही मंडळी पाहून हसू आवरणे अशक्य आहे. रांगेतील प्रत्येकाला वाटते की गाईला आपल्याच भांड्याच्या मापाचे दूध आहे.

ह्या रांगेत वऱ्हाडच्या इतिहासाने आणखी काही पात्रे उभी केली आहेत. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथला कापूस बंद झाला, आणि लँकशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. खामगावची कापसाची पेठ गजबजली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी स्वतः हजर राहिले. म्हणजे बोटीवरून उतरलेला एक साहेब सोन्याचे पात्र घेऊन रांगेत शिरला. वासरू म्हणून त्याने कोणाला पुढे केले हे वगकाराने ठरवावे, पण अडत्याचे नाव सहज सुचण्यासारखे आहे. ह्या पात्रात पुष्कळ दूध पडले. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दुष्काळ आले. रूळ होते, पेठ होती, पण खावयाचे धान्य नव्हते. ह्या ठिकाणी वगातील हसणे थोडा वेळ थांबले तरी चालेल. चांगला सोंगाड्या प्रेक्षकांना केव्हा हसू द्यावयाचे नाही हेही जाणतो.

दुसरे पात्र अगदी अलीकडचे. पृथूने धनुष्याच्या टोकाने डोंगर फोडून जमीन सपाट केली, असे आख्यानात आहे. आजचे धनुष्य म्हणजे पिवळ्या रंगाचे, लांब सोंडेचे खोदकाम यंत्र. २०१८ च्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यात तलाव, नाले आणि बंधारे ह्यांतील गाळ-मुरूम अशा यंत्रांनी उपसून तो राष्ट्रीय महामार्गाच्या भरावासाठी वापरण्यात आला; खड्ड्यात पाणी साठले, मातीचा रस्ता झाला. ‘बुलढाणा पॅटर्न’ ह्या नावाने ही योजना इतरत्रही सांगितली जाऊ लागली. योजना शहाणपणाची आहे हे मान्य करूनही विनोदकाराला येथे एक प्रश्न विचारता येतो. पाण्यासाठी खोदले म्हणून रस्ता झाला, की रस्त्यासाठी खोदले म्हणून पाणी साठले? सोंगाड्याने हा प्रश्न रस्त्याच्या ठेकेदाराला आणि पाण्याच्या अधिकाऱ्याला आळीपाळीने विचारावा. दोघांची उत्तरे वेगळी येतील, दोघेही खरे बोलत असतील, आणि गाय मध्ये उभी राहून दोघांकडे सारख्याच शांतपणे पाहत असेल.

रांगेत शेवटी शहरातील सुशिक्षित कुटुंबाचे पात्र आलेच पाहिजे. ते टाळले तर खेळ अप्रामाणिक होईल. ह्या कुटुंबाचे पात्र सर्वांत लहान आणि सर्वांत स्वच्छ असते. सज्जात चार कुंड्या असतात, नळ सकाळी ठरल्या वेळी येतो, कांदा दोन रुपयांनी चढला की घरात चर्चा होते, आणि सुटीच्या दिवशी शेत पाहावयास सहल निघते. शेतावर पोहोचल्यावर ही मंडळी शेतकऱ्याला सेंद्रिय खताचे महत्त्व समजावून सांगतात. पाहुण्यांचे हे गाणे सर्वांत गोड चालीत बांधावे. अमडापूरकर त्यावर मनमुराद हसतील, आणि त्यांना तो हक्क आहे.

येथवर वाट सोपी होती. अवघड वळण पुढे आहे, ते शेतकऱ्याच्या पात्राचे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली. त्या सहांत बुलढाणा होता. ह्या जिल्ह्यांत कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले होते, म्हणून ही योजना आली. खेळाला बसलेल्यांत अशा घरची माणसे असू शकतात. त्यांच्यासमोर शेतकऱ्याला सोंगाड्या करावे काय? काही सज्जन म्हणतील, मुळीच नको. त्याला देव करा, अन्नदाता करा, त्याच्यावर पोवाडा रचा. परंतु हा सन्मानही एक प्रकारचा बहिष्कारच आहे. सर्वजण हसत असताना एकट्यालाच मखरात बसविले, तर तो प्रेक्षकांतून उठून गेल्यासारखाच होतो. शिवाय शेतकरी स्वतः आपल्या फजितीवर हसतो, आणि ते पाराच्या कट्ट्यावर रोज घडते. प्रश्न एवढाच की त्याच्या फजितीवर दुसरा कोणी आपला पैसा किंवा प्रतिष्ठा वाचवीत आहे काय.

बोंडअळीचे उदाहरण घ्यावे. २००२ साली भारतात बीटी कापसाला मान्यता मिळाली. अळीला मारणारे द्रव्य झाडातच तयार व्हावे अशी ह्या बियाण्याची योजना. अळीला त्या द्रव्याची सवय होऊ नये म्हणून शेताच्या कडेने साध्या कापसाच्या काही ओळी लावाव्यात, म्हणजे तेथे अळीला आसरा मिळेल, असे शास्त्रज्ञांनी सांगितले होते; त्यासाठी वेगळे पाकीट बियाण्याबरोबर येत असे. पुष्कळांनी ते लावले नाही. कालांतराने गुलाबी बोंडअळी त्या द्रव्याला पुरून उरली आणि २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातील कापूस पोखरला. ह्यात प्रहसनाला सर्व काही आहे. जिच्या नाशासाठी जगभरची बुद्धी खर्ची पडली ती अळी सोनेरी मुकुट घालून प्रवेश करते. दुकानदार, कंपनीचा माणूस आणि अधिकारी तिला ओळख दाखवीत नाहीत. पाकीट फेकून देणारा शेतकरी येथे हास्यास्पद ठरतो हे खरे. पण ज्याचे सारे शेतच दोन एकरांचे आहे, त्याला अळीसाठी ओळी सोड म्हणून सांगावयाचे, आणि सांगणाऱ्याची स्वतःची एक ओळही पणाला लागलेली नाही, ही गोष्ट त्याहून अधिक हास्यास्पद आहे. वगकाराने दोन्ही हशे घ्यावेत. मात्र दुसरा हशा नंतर यावा आणि मोठा यावा. क्रम उलटला तर शेतकरी एकटाच खुळा ठरतो आणि बाकीचे सुटतात.

हा क्रम वऱ्हाडातील एका माणसाला उपजत साधला होता. गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) गावात येत, दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांचे कीर्तन म्हणजे समोरच्या माणसांशी वऱ्हाडी बोलीत चाललेला सवालजबाब. ते विचारीत, लोक उत्तर देत, आणि उत्तर देता देता आपण काय बोलून बसलो हे लोकांना कळे. सण साजरा करण्यासाठी कर्ज काढू नका, हे त्यांनी लोकांना हसवून सांगितले. पण आधी दिवसभर त्यांनी त्याच लोकांची गटारे उपसलेली असत. ज्याने सकाळी गावची घाण उचलली आहे, त्याला रात्री गावाला हसण्याचा अधिकार येतो. पृथूच्या आख्यानातील पात्रांची यादी आठवावी. सोने, लोखंड, कमळ, कवटी. ह्या संताचे पात्र म्हणजे मडक्याचा फुटका तुकडा, आणि त्यावरूनच त्याला नाव मिळाले. वगाच्या रांगेत तो तुकडा हाती घेतलेला एक माणूस मुकाट्याने उभा करावा. त्याला संवाद देण्याची गरज नाही, अमडापूरकर ओळखतील.

पाश्चात्य रंगभूमीवर ह्या जातीचा जो खेळ अलीकडच्या काळात गाजला, त्याचे नाव सभ्य घरात उच्चारताना थोडा संकोच व्हावा असे आहे. ‘युरिनटाउन’ हे संगीत प्रहसन ग्रेग कोटिस आणि मार्क हॉलमन ह्या दोघांनी रचले. २००१ च्या सप्टेंबरात ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आले आणि पुढच्या वर्षी त्याच्या संहितेला व संगीताला टोनी पारितोषिके मिळाली. वीस वर्षांच्या अवर्षणामुळे एका नगरात घरचे शौचकूप बंद झाले आहेत; लघुशंकेसाठीही एका कंपनीला पैसे मोजावे लागतात. एक तरुण बंड करतो, मारला जातो, पण बंड यशस्वी होते. कंपनीचा मालक जातो, सर्वांना सर्व फुकट होते. इथे दुसरे नाटक संपले असते. ह्या नाटकात मात्र पुढे पाणीच संपते आणि विजयी जनता तहानेने मरते. कथा सांगतो एक पोलीस शिपाई, आणि एक लहान मुलगी त्याला अडचणीचे प्रश्न विचारीत राहते. म्हणजे आपला सूत्रधार आणि विदूषकच. कंपनी लुबाडीत होती हे खरे, आणि पाणी थोडे होते हेही खरे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच गाण्यात बसविण्याचे धैर्य ह्या दोघांनी दाखविले. आपल्याकडील बहुतेक लोकनाट्ये पहिल्या सत्यावर टाळी घेऊन थांबतात.

एवढे मान्य करूनही त्या नाटकाचा शेवट अमडापुरास चालणार नाही. ब्रॉडवेवरील प्रेक्षक तहानेने मेलेल्यांना हसतो, नंतर बाहेर पडून थंड पेय मागवितो. ज्या जिल्ह्यात मरण हा हिशेबवहीतला आकडा होऊन गेला आहे, तेथे मरणाचा विनोद बाहेरून आणलेला नसावा. वगाच्या शेवटी कोणी मरू नये. रांग मात्र मोडू नये. भांडी रिकामी होऊन मंडळी पुन्हा रांगेत उभी राहिलेली दिसावी.

संगीताविषयी थोडे. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज हा तमाशाचा साज आहेच. त्यात खंजिरीची भर घालावी, कारण तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे वऱ्हाडच्या कानाला तिचा ठेका घरचा वाटतो. राजाने लावणीच्या चालीत रागवावे, साहेबाने बँडच्या तालावर कापूस मोजावा, शहरी पाहुण्यांनी भावगीत म्हणावे, अळीला शक्य तर नाट्यसंगीतातील भरदार पद द्यावे आणि तिला कोल्हटकरांच्या आवडीच्या पारशी चालीत ताना मारू द्याव्यात. भारुडाचा ठेका सोंगाड्याला. नाथांनी विंचू, भूत आणि जोशी ह्यांच्या सोंगांत परमार्थ सांगितला, तेव्हा अळीच्या सोंगात शेती सांगावयास त्यांची हरकत असण्याचे कारण नाही. सर्वांना गाणी मिळावीत. गाईला मात्र एकही नको. ती समोर आली की वाद्ये थांबावीत आणि तिच्या रवंथाएवढीच शांतता मंडपात पसरावी. पृथ्वीला रडके पद दिले की आपण पुन्हा स्नेहसंमेलनात जाऊन पोहोचलो असे समजावे. ती दोनच प्रश्न विचारते, तेही गद्यात.

संस्कृत नाटकाच्या शेवटी भरतवाक्य म्हणण्याची रीत आहे. राजाचे कल्याण, प्रजेचे कल्याण आणि वेळेवर पाऊस ही मागणी त्यात पुनःपुन्हा आढळते. अंतःपुरातील प्रणयाच्या नाटकालासुद्धा शेवटी ढगाकडे पाहावे लागले. अमडापूरच्या खेळालाही भरतवाक्य ठेवावयास हरकत नाही, फक्त ते राजाने म्हणू नये. राजा, साहेब, ठेकेदार, अधिकारी आणि पाहुणे आपापली भांडी घेऊन रांगेत उभे असताना सोंगाड्याने एकट्याने पुढे येऊन ते म्हणावे. तो म्हणत असता गाईने उठावे आणि प्रेक्षकांच्या मधून वाट काढीत, कोणाकडेही न पाहता, टेकडीच्या बाजूस निघून जावे. त्यावर ढोलकीवाल्याने शेवटची थाप द्यावी की नाही, हे त्या वर्षीचा पाऊस पाहून ठरवावे.